न वाचता केलेली सही



भाषेच्या प्रश्नावर आवाज उठवायला बेळगावचा मराठी माणूस कधी मागे राहिलेला नाही. बसवरची पाटी बदलली की आपले रक्त तापते. दुकानाच्या फलकावर कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली यावर आपण मध्यरात्रीपर्यंत वाद घालतो, मोर्चे काढतो, प्रसंगी केसेसही अंगावर घेतो. आणि हाच माणूस आयुष्यभराची कमाई, बायकोचे दागिने आणि पुढच्या वीस वर्षांचा पगार ज्या एका कागदावर ओततो, त्या खरेदीखतातली एक ओळही न वाचता सही करून मोकळा होतो! उपनोंदणी कार्यालयाच्या आवारात अर्धा तास उभे राहून पाहावे. बाँड रायटर पान उलटतो, बोट ठेवतो, आपला माणूस सही करतो. पुन्हा पान, पुन्हा बोट, पुन्हा सही. कागद कानडीत, नाहीतर कायद्याच्या इंग्रजीत. "काय लिहिलंय?" असे विचारणारा शंभरात एखादा, आणि त्याला मिळणारे उत्तर ठरलेले: "काळजी करू नका काका, नेहमीचाच मजकूर आहे."

हा नेहमीचा मजकूर नेमका कोणाच्या सोयीचा असतो, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

आधी बाजाराची परिस्थिती पाहू. २०१२ मध्ये हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१६ च्या पहिल्याच यादीत बेळगावचे नाव स्मार्ट सिटीत आले आणि शहराभोवतीच्या जमिनीला पाय फुटले. हिंडलगा, कंग्राळी, बेनकनहळ्ळी, सावगाव, पिरनवाडी, मच्छे, सगळीकडे भात पिकणाऱ्या शेतात सिमेंटचे खांब रोवलेले दिसतात. बेळगावी बासमतीचा वास ज्या शिवारात यायचा तिथे आता "३० बाय ४०, पूर्वाभिमुख" अशा पाट्या आहेत. बाहेरचा पैसा इथल्या जमिनीत येतो आहे. उद्यमबागेत नोकरी करणारा, शहापुरात यंत्रमागावर राबणारा, टिळकवाडीत दोन खोल्यांत भाड्याने राहणारा आपला तरुण या पैशाशी स्पर्धा करतो आहे. त्याची धडपड मला कळते. घर नाही म्हणून लग्न जमत नाही, आणि लग्न झाले की घर नाही म्हणून भांडण मिटत नाही.

याच धडपडीवर दलालाचा धंदा चालतो. त्याचे वाक्य आता सगळ्यांना पाठ झाले असेल: "हुबळीची पार्टी उद्या यायलाय. आज संध्याकाळपर्यंत विसार टाका, नाहीतर मला बोल लावू नका." ही हुबळीची पार्टी कोणी पाहिली आहे का? प्रत्येक प्लॉटमागे ती असते, प्रत्येक वेळी उद्याच यायची असते, आणि नेहमी रोख पैसे घेऊनच निघालेली असते! तिच्या धाकाने आपला माणूस सोसायटीतून उचल काढतो, मेहुण्याकडून हातउसने घेतो आणि शंभर रुपयांच्या बाँडवर लाख-दोन लाखांचा विसार देऊन येतो. त्या पावतीवर काय असते? अमुक मुदतीत उरलेली रक्कम दिली नाही तर विसार जप्त, एवढे मात्र ठळक असते. उताऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या नसतात. मालकी साफ निघाली नाही तर पैसे परत, हे वाक्य नसते. बँकेने कर्ज नाकारले तर काय, हेही नसते. म्हणजे बंधन एकाच बाजूला. आणि मग बँकेच्या वकिलाने कागद पाहून मान हलवली, की विकणारा म्हणतो, माझा काय दोष?

काहीजण म्हणतील, इतकी चौकशी करत बसलो तर प्लॉट हातचा जाईल. जाईल, कधीकधी खरेच जाईल. तेजीच्या बाजारात कागद तपासणाऱ्याच्या आधी डोळे मिटून पैसे देणारा पोचतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उतारा, एन.ए. आदेश, ले-आउटचा मंजूर नकाशा आणि बोजा-दाखला यांच्या झेरॉक्स मागितल्यावर जो माणूस आठ दिवस देत नाही, त्याला घाई कसली आहे? कागद चोख असणाऱ्याला ते दाखवायला संध्याकाळ लागत नाही.

आता कागदांबद्दल थोडे स्पष्ट बोलू, कारण सगळी फसवणूक इथेच होते. शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खतच लागते, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. तरीही आपल्या उपनगरांत आजसुद्धा प्लॉट नुसत्या बाँडवर विकले जातात. एन.ए. न झालेल्या शेतीत २० बाय ३० चे तुकडे पाडायचे, बाँडवर नोटरीचा शिक्का मारायचा, सोबत एक मुखत्यारपत्र जोडायचे आणि "सगळे असेच करतात" असे सांगायचे. २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्राच्या अशा विक्रीने मालकी मिळत नाही हे निःसंदिग्ध सांगून टाकले. त्यानंतर इतकी वर्षे झाली, पण बाँडचा बाजार बंद झाला नाही. कारण तो स्वस्त आहे, आणि गरिबाला परवडणारे दुसरे काही शहरात उरलेले नाही. दोष फक्त त्या गरिबाचा आहे असे मी म्हणणार नाही. नगर विकास प्राधिकरणाने कामगाराला परवडतील असे प्लॉट मुबलक काढले असते, तर बाँडवर झोपडे बांधायची हौस कोणाला होती?

२०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने अनधिकृत मिळकतींना बी-खाते देण्याची मोहीम काढली. अनेकांना वाटले, घर कायदेशीर झाले. पेढे वाटले गेले. बी-खाते म्हणजे कर भरणाऱ्याची नोंद. अनधिकृत ले-आउट त्यामुळे अधिकृत होत नाही, आणि बाँडवर न मिळालेली मालकीही त्यातून मिळत नाही. एजंट मात्र आता "खाते असलेला प्लॉट" म्हणून भाव वाढवून सांगतो. खाते कोणते, ए की बी, हे विचारावे. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मिळकतीच्या नोंदणीला ई-खाते सक्तीचे झाले आहे, तेव्हा हा कागद विसार देण्याआधीच समोर आला पाहिजे.

वारसांचा प्रश्न तर त्याहून नाजूक. शेतकऱ्याचे तीन मुलगे सही करतात, खत होते, आणि चार वर्षांनी खानापूरला दिलेल्या बहिणीचा दावा कोर्टात उभा राहतो. लोक बहिणीला लोभी म्हणतात! कर्नाटकात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क ३० जुलै १९९४ पासून आहे. केंद्राने तो २००५ मध्ये देशभर दिला आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने उरलीसुरली शंकाही संपवली. बहिणीला विचारले नाही, तिची सही घेतली नाही, हा गुन्हा भावांचा आणि दलालाचा. भोगतो मात्र प्लॉट घेणारा. बोजा-दाखल्यात हे काही दिसत नाही. त्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात. त्यासाठी वंशावळ मागावी लागते. जमीन सरकारने दलित कुटुंबाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवाय तिची विक्रीच होत नाही, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर मूळ मालकाला दावा करायला मुदतीची आडकाठीही राहिलेली नाही. त्या कुटुंबाला जमीन परत मिळणे हा न्यायच आहे. त्यावर घर बांधून बसलेल्याने आधी का पाहिले नाही, हा प्रश्न उरतो.

पाहिले नाही, कारण वाचता आले नाही. इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो.

नोंदणी कायदा १९०८ सालचा आहे, केंद्राचा आहे. त्याचे कलम १९ आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? दस्त अशा भाषेत असेल की जी अधिकाऱ्याला समजत नाही आणि जी जिल्ह्यात सर्वसाधारणपणे वापरली जात नाही, तरच त्याने नोंदणी नाकारायची. आणि तेव्हासुद्धा जिल्ह्यात चालणाऱ्या भाषेतला खरा अनुवाद आणि दस्ताची नक्कल जोडली, तर नाकारता येत नाही. आता सांगा, बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्वसाधारणपणे वापरली जात नाही असे कोण म्हणू शकेल? २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात मराठी भाषिक १५ टक्क्यांच्या वर आहेत, आणि १५ टक्के ही तर भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम देण्यासाठी मान्य झालेली मर्यादा आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. आपल्यातल्या अनेकांच्या ट्रंकेत आजोबांचे मराठीतले, कधी मोडीतले खत अजून जपून ठेवलेले आहे. इंग्रजी ही या जिल्ह्यात कोणाची मातृभाषा नाही, तरी इंग्रजी खत रोज नोंदले जाते. मग मराठी खत घेऊन आपण टेबलापर्यंत जातच का नाही?

उत्तर कडू आहे. आपण कधी मागितलेच नाही! त्याच कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे कोणत्या जिल्ह्यात कोणत्या भाषा वापरातल्या मानायच्या, याचे नियम करण्याचा अधिकार राज्याच्या नोंदणी महानिरीक्षकांना आहे. बेळगाव जिल्ह्यासाठी त्या यादीत कोणत्या भाषा आहेत, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. मराठी असेल तर हक्काने वापरायची. नसेल तर ती का नाही यासाठी आंदोलन करायचे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर रोज होणाऱ्या खरेदीखतांचे काय? ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झाले. ४० लाखांच्या घराला ८० हजार रुपये नुसती नोंदणी, मुद्रांक शुल्क वेगळे. एवढे पैसे मोजून सरकारकडून आपण न वाचता येणारा कागद घेऊन येतो.

आता जे लिहितो ते काहींना रुचणार नाही. कानडी वाचायला शिका. निदान उतारा वाचण्यापुरते शिका: सर्व्हे नंबर, हिस्सा, मालकाचे नाव, क्षेत्र आणि बोजाचा रकाना. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर हे जमते, आणि आपल्या शाळकरी पोरांना ते आजच येते. मराठीचा अभिमान म्हणजे कानडी अक्षरासमोर आंधळे राहणे, अशी काही जणांची समजूत झाली आहे. या अभिमानाचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, हे एकदा मोजावे. तो कानडी नाही, आपलाच एजंट आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत भगवा फेटा बांधून पुढे नाचणारा, मंडळाला पाच हजारांची देणगी देणारा, "आपल्या माणसाला देतोय म्हणून या भावात" असे म्हणणारा. विकणारा आपला, दलाल आपला, बुडणारा आपला, आणि शिव्या बंगळूरला! अशा देणग्या घेताना मंडळांनीही जरा मागचा पुढचा विचार करावा.

रोखीबद्दल थोडक्यात. निम्मी रक्कम "वरून" द्या, खतात सरकारी भावाचीच दाखवू, हा प्रस्ताव सर्रास येतो. उद्या व्यवहार फिसकटला तर कोर्टात खतातला आकडाच बोलतो, वरच्या पैशाला साक्षीदार नसतो. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका आहे. हे विकणाऱ्याला हसत हसत सांगितले तरी पुष्कळदा काम होते.

फ्लॅट किंवा नव्या ले-आउटमधला प्लॉट घेणाऱ्यांनी रेरा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ५०० चौरस मीटरवरच्या जमिनीला किंवा आठाहून जास्त फ्लॅटना ती सक्तीची आहे, आणि करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतला "लवकरच मंजुरी" हा शब्द वाचला की परत फिरावे.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी मांडल्या आहेत. दर रविवारी सकाळी दोन तास कानडी आणि मराठी दोन्ही जाणणारे निवृत्त तलाठी, शिक्षक किंवा वकील कार्यालयात बसावेत आणि विसार देण्यापूर्वी आणलेले कागद वाचून त्यांचा अर्थ मराठीत लिहून द्यावा. विसार पावतीचा मराठी मसुदा छापून घ्यावा, ज्यात सर्व मालकांच्या सह्या, कर्ज नाकारल्यास परतफेड आणि मालकी साफ नसल्यास परतफेड ही तीन कलमे असतील. आणि कलम ६९ खालच्या यादीसाठी माहितीचा अर्ज या महिन्यातच जावा. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, हे आपले काम नव्हे, आपण राजकीय संघटना आहोत. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याचे मत आपण कशाच्या जोरावर मागतो, हे त्यांनी पुढच्या बैठकीत सांगावे.

माहितीच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. सही करू इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात यावे. तो मराठीत आहे, सोबत कानडी अनुवाद जोडला आहे, आणि दोन्ही वाचूनच सही करायची आहे. कागदपत्रे दाखवायची असतील तर झेरॉक्स आणाव्यात, मूळ प्रती घरीच ठेवाव्यात.