राघूची वाटी

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गाला आम्हीं 'माझा आवडता प्राणी' हा नेहमींचाच विषय निबंधासाठीं दिला होता. एका विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या राघूवर लिहिलें. राघू सकाळीं बाबांच्या बशींतला चहा पितो व त्यांत बुडविलेलें बटर खातो, दुपारीं आईच्या हातचा दूधभात, संध्याकाळीं सूर्यफुलाच्या बिया आणि खारे शेंगदाणे, रात्रीं ताईनें दिलेलें बिस्कीट, अशी त्याची दिनचर्या त्यानें मोठ्या अभिमानानें वर्णिली होती. शेवटचें वाक्य असें होतें कीं, हल्लीं राघू फारसा बोलत नाहीं, अंग फुगवून व डोळे मिटून बसून असतो, तो आतां शहाणा झाला आहे. आम्हीं ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या, दहांपैकीं सात गुण दिले आणि वही परत केली. गणपतीची सुटी संपून शाळा भरली तेव्हां तो मुलगा दोन दिवस आला नाहीं. राघू मेला होता.

त्या शेवटच्या वाक्यांत एका पांखराचें दुखणें जसेंच्या तसें लिहून आमच्या हातीं दिलेलें होतें, आणि आम्ही वेलांट्या तपाशीत बसलों. त्यानंतर या विषयावरील जें मिळालें तें वाचून काढलें, जाणत्यांस विचारलें. त्यांतून जें मत बनलें तें विद्यार्थ्यांपुढें आणि विशेषतः त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

रानांत जें पांखरूं आजारी दिसतें त्यावर शिकरा प्रथम झडप घालतो. म्हणून पोपटाची जात आपलें दुखणें शक्य तितकें दडवून ठेविते, आणि ज्या दिवशीं तें आपल्या नजरेस येतें त्या दिवशीं तें बहुधा फार पुढें गेलेलें असतें. अंग फुगवून बसणें, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशीं उतरणें, श्वासागणिक शेपटी खालींवर होणें, शिंका, नाकपुड्यांशीं ओल, तोंडांत पांढरे चट्टे, चोंचीचे पापुद्रे निघणें किंवा ती वेडीवांकडी वाढणें, यांपैकीं एकही खूण दिसली तर 'उद्यां पाहूं' म्हणूं नये. शहाणपण म्हणून तर तिच्याकडे मुळींच पाहूं नये.

आतां हा पक्षी मूळचा खातो काय, तें पाहूं. आपल्या रत्नागिरीच्या आसपास गळ्याभोंवतीं कंठा असलेला हिरवा पोपट पुष्कळ दिसतो. लाल डोक्याचा लहान पोपटही आहे. घाटाकडे गेलें म्हणजे निळ्या पंखांचा पोपट भेटतो. वडा-उंबराचीं फळें, पेरू, आंबा, कोंवळे कोंब, कळ्या, शेतांतील कणसें, सांवर आणि पांगारा फुलला म्हणजे त्या फुलांतील मध, असें नाना प्रकारचें अन्न तो टिपतो. तें मिळविण्यासाठीं तो दिवसभर उडत, भांडत, ओरडत फिरतो. बागाईतदार त्याला शिव्या देतात त्या उगीच नव्हेत. तो जितकें खातो त्याहून अधिक कुरतडून टाकतो. पण एकाच धान्याची वाटी पुढें घेऊन तो दिवसभर बसला आहे, असें मात्र रानांत कोणींही पाहिलेलें नाहीं.

पिंजऱ्यांत आपण नेमकें तेंच करितों. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया पोपटाला फार आवडतात. आपल्यालाही भजीं आवडतात. या दोहोंच्या सोललेल्या दाण्यांत जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. हातभर पिंजऱ्यांत पंख न हलवितां तें तेल रोज पोटांत गेलें म्हणजे यकृतावर चरबी चढते, रक्तवाहिन्या कठीण होतात. दुसरें असें कीं, या बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेंच. तें न मिळाल्यानें तोंड, नाक व श्वासमार्ग यांचें मऊ ओलसर अस्तर कोरडें आणि जाड होतें. मग तेथें जंतूंना थारा मिळतो, पांढरे चट्टे येतात, नाक वाहतें, घरची मंडळी म्हणतात, राघूला थंडी बाधली. तिसरें, चुना म्हणजे कॅल्शियम या बियांत फारच थोडें. हाडें ठिसूळ होतात, मादीला अंडें घालणें अवघड जातें, कधीं झटकेही येतात. पोट भरलेलें आणि शरीर उपाशी, अशी ही अवस्था आहे.

आपल्या कोंकणांत यांत आणखी एक भर पडते. चार महिने पाऊस. डब्यांतले शेंगदाणे ओलसर होतात, त्यांवर बुरशी धरते. १९६० सालीं इंग्लंडांत एका अज्ञात रोगानें एक लाखाहून अधिक टर्की कोंबडीं मेलीं. शोध घेतां असें आढळलें कीं, त्यांना घातलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींतील बुरशीनें विष निर्माण केलें होतें. अफ्लाटॉक्सिन हें त्या विषाचें नांव त्यानंतरचें. तें विष यकृतावरच घाव घालतें. आपण माणसें खवट दाणा थुंकून टाकतों आणि 'हा पोपटाला होईल' म्हणून बाजूला ठेवितों!

चहाबिस्किटाचें काय? कंठवाल्या पोपटाचें वजन सव्वाशें ग्रॅमच्या आसपास असतें. पांच-सहा ग्रॅमचें एक बिस्कीट म्हणजे त्याच्या वजनाचा विसावा हिस्सा. पन्नास किलो वजनाच्या माणसानें एका बैठकींत अडीच किलो बिस्किटें खावीं, तसा हा हिशेब आहे. गणिताच्या तासाला मुलांनीं तो करून पाहावा. दुधांतील साखर पचविण्याची शक्ति पक्ष्यांच्या आंतड्यांत नाहीं, कारण कोणतेंच पांखरूं आईचें दूध पिऊन वाढत नाहीं. दूधभातानें बहुधा हगवणच लागते. चहा-कॉफी, चॉकलेट, खारे फरसाण, कांदा हीं त्यास अपायकारक आहेत. हल्लीं शहरांतून मिळणारें आव्होकाडो हें फळ तर त्याच्या हृदयास प्रत्यक्ष विष आहे. अन्नाचा विषय नसला तरी येथेंच सांगून टाकतों. ज्या घरांत अन्न न चिकटणारीं काळ्या लेपाचीं भांडीं वापरतात, तेथें स्वयंपाकघरांत पिंजरा कधींही टांगूं नये. असें भांडें रिकामें तापत राहिलें म्हणजे त्या लेपाची जी वाफ निघते तिनें पांखरूं कांहीं मिनिटांत मरतें. माणसाला ती वाफ कळतही नाहीं.

कांहीं मुलें आपल्या ओठांत दाणा धरून पोपटाला भरवितात. हें तर सर्वथा बंद झालें पाहिजे. पोपटापासून माणसाला होणारा एक प्रकारचा फुफ्फुसदाह आहे. १८७९ सालीं स्वित्झर्लंडांत त्याची प्रथम नोंद झाली, आणि १९२९-३० सालीं दक्षिण अमेरिकेंतून गेलेल्या पोपटांबरोबर तो अनेक देशांत पसरला. आज त्यावर औषध आहे, पण तो ओळखावा लागतो. सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आंत जाते, म्हणून पिंजऱ्यांतला कागद आधीं पाण्यानें भिजवावा, मग काढावा, आणि हात साबणानें धुवावे. घरांत कोणाला ताप-खोकला झाला तर घरीं पोपट आहे हें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

एका बाबतींत मात्र आमच्या आज्या आमच्यापेक्षां बऱ्या होत्या. मिरची दिली म्हणजे पोपट बोलूं लागतो, ही त्यांची समजूत खोटी. पण मिरची देणें योग्यच होतें. पिकलेल्या लाल मिरचींत अ जीवनसत्त्वाचें मूळ द्रव्य भरपूर असतें, आणि तिखटपणा पांखरांना लागतच नाहीं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानें तिखटाची आग ओळखणारा शरीरांतील घटक शोधून काढला, त्याबद्दल त्यांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनींच २००२ सालीं दाखविलें कीं, पक्ष्यांतील तो घटक तिखटास दाद देत नाहीं. मिरचीचें झाड आपलें बीं दूर पोंचविण्यासाठीं पांखरांवर अवलंबून असतें, तें त्यांचें तोंड कां भाजील? गंमत अशी कीं मिरची मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांनीं ती आणण्यापूर्वीं आपल्या राघूनें ती पाहिलेलीही नव्हती.

पालकांपैकीं एका वडील गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, आमच्या आजोबांच्या वेळचा राघू वीस वर्षें जगला. त्याला कोणीं जीवनसत्त्वें मोजून दिलीं होतीं?" प्रश्न रास्त आहे. त्याचें एक उत्तर असें कीं, जो वीस वर्षें जगला त्याची आठवण घरांत राहते. जे वर्षा-दीड वर्षांत गेले त्यांचीं नांवेंही कोणी सांगत नाहीं, कारण नव्या राघूचें नांवही राघूच. दुसरें असें कीं, त्या वेळचा पिंजरा पडवींत टांगलेला असे, सकाळचें ऊन त्याच्यावर पडे. उन्हानेंच ड जीवनसत्त्व तयार होतें व कॅल्शियम अंगीं लागतें. कांचेच्या खिडकींतून आलेल्या उन्हाचा तो गुण नाहीं. मुलें परसांतला पेरू, करवंदें, भाजीचा पाला आणून घालीत. फरसाणाचा पुडा त्या घरांत नव्हता. आजोबांची कृति चांगली होती, पण ती आपण पुढें चालविलेली नाहीं.

आज ज्यांच्या घरीं पांखरूं आहे त्यांनीं काय घालावें? शेवग्याचा पाला, लाल माठ, तांबडा भोपळा, गाजर, पिकी पपई, पेरू, लाल मिरची. भिजवून मोड आणलेले मूग व मटकी. नाचणीचें कणीस मिळालें तर तें सबंध द्यावें, कीं त्याचा वेळही जाईल. फळ गोड असतें म्हणून बेतानें. बाजारांत पोपटासाठीं तयार गोळ्यांचें अन्न मिळतें, तें परवडत असेल तर उत्तम. शेंगदाणा एखादा, तोही चांगला निवडून, बक्षीस म्हणून. हा बदल एकदम मात्र करूं नये. जुनें अन्न बंद केलें तर पोपट नवें न खातां उपाशी मरूं शकतो. थोडें थोडें मिसळीत कांहीं आठवडे जाऊं द्यावे, आणि दर आठवड्याला स्वयंपाकाच्या ग्रॅमच्या कांट्यावर त्याचें वजन करून लिहून ठेवावें. डोळ्यांना न दिसणारें दुखणें कांट्याला दिसतें. ऑस्ट्रेलियाकडचे ते लहान रंगीत बजरीगर ज्यांच्याकडे आहेत त्यांनाही हेंच लागू. नुसत्या राळ्यावर ठेवलेल्या त्या पांखरांना आयोडिनाच्या अभावीं गलगंड होतो.

परंतु हें सर्व लिहितांना आमचें मन एका गोष्टीपाशीं अडखळतें, आणि ती न बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल. आपला देशी पोपट पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यास संरक्षण देतो, १९९०-९१ पासून देशी पांखरांचा व्यापार बंद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचींत आहे. बाजारांत कोणी पिशवीआड पिल्लूं दाखवितो तें झाडाच्या ढोलींतून ओढून काढलेलें असतें. अशा पांखराला काय खाऊं घालावें हें शिकवितांना, तें ठेवावें असें तर आम्ही शिकवीत नाहीं ना, ही शंका आम्हांस छळते. आम्हीं ठरविलें तें असें. जें पांखरूं आज पिंजऱ्यांत आहे त्याची भूक कायद्याचें कलम वाचून थांबत नाहीं. तें योग्य ठिकाणीं पोंचेपर्यंत त्याला नीट अन्न मिळालें पाहिजे. नवें मात्र एकही आणूं नये. आणि उत्साहाच्या भरांत पिंजऱ्याचें दारही उघडूं नये. ज्याला उडण्याचा सराव नाहीं, अन्न शोधतां येत नाहीं, तो संध्याकाळच्या आंत कावळ्यांच्या किंवा मांजराच्या तावडींत सांपडतो. वनविभागाच्या कचेरींत जावें किंवा १९२६ या क्रमांकावर विचारावें.

हें सांगणें सोपें आहे, करणें सोपें नाहीं. ज्या मुलाचा राघू मेला त्याच्या आईनें आम्हांस विचारलें, "मुलगा नीट जेवत नाहीं. दुसरा आणूं का?" आम्हीं नको म्हटलें. त्यांना तें आवडलें नाहीं. पिंजरा अजून पडवींत टांगलेला आहे. त्याच वर्गांतील एका मुलीच्या घरीं सहा वर्षांचा पोपट आहे. तिच्या वडिलांनीं आमचें ऐकून शेंगदाणे कमी केले. पहिले आठ दिवस त्यानें भोपळ्याच्या फोडी पिंजऱ्याबाहेर भिरकावून दिल्या, नवव्या दिवशीं एक खाल्ली. वजनाची वही ती मुलगी ठेविते, आणि रविवार चुकवीत नाहीं. वनविभागाच्या कचेरींत जाण्याविषयीं आम्हीं तिच्या वडिलांस दोनदां विचारलें. दोन्ही वेळां ते मुलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "शिमगा होऊं द्या." शिमग्यानंतर आम्ही पुन्हां विचारणार आहों.