पट नंतर, खेळगडी आधी

‘ऑनलाइन खेळ’ हे दोन शब्द कानी पडताच मध्यमवर्गीय पालकाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडण्यास पुरेसे कारणही आहे. मोबाइलवरील रमीच्या नादाने कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्याच कायद्याने करमणुकीच्या, सामाजिक स्वरूपाच्या खेळांना मात्र निराळे मानले आहे. त्याची चर्चा फारशी झाली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या वर्गातला आहे. तेथे पैसा लागत नाही, कोणी जिंकत नाही, आणि एका डावाला कधी कधी वर्ष लागते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन लहान पुस्तिका प्रसिद्ध केल्या. एकाने सूत्रधार व्हावे, इतरांनी एकेक पात्र घ्यावे, प्रसंग सूत्रधाराने सांगावा, आपले पात्र त्या प्रसंगी काय करील ते खेळगड्याने सांगावे, आणि जेथे निकाल संशयित असेल तेथे फासा टाकावा, एवढेच त्या खेळाचे सार. ज्यांच्या घरी भातुकली मांडली गेली, ज्यांनी बोहाड्यातले मुखवटे पाहिले, त्यांना यात अपूर्वाई वाटण्याचे कारण नाही. वीस पैलूंचा फासा तेवढा नवा. प्रश्न उद्भवतो तो खेळगडी पांगल्यावर. आणि साक्रीसारख्या गावातून ते पांगतातच. कोणी सुरतेच्या कापडबाजारात जातो, कोणी नाशिकला कारकून होतो, कोणी पुण्यास संगणकाच्या कंपनीत लागतो. मग टेबलाभोवती बसणे संपते आणि टेबलाचा आभास निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’चा, आश्रय घ्यावा लागतो. नकाशा, सोंगट्या, फासे आणि पात्रांच्या नोंदी हे सारे त्यात पडद्यावर मांडलेले असते.

अशी सॉफ्टवेअरे आज अनेक आहेत. ‘रोल ट्वेंटी’ २०१२ पासून चालू आहे. ते ब्राउझरमध्ये चालते, प्राथमिक वापर फुकट, अधिक सोयींसाठी वर्गणी. ‘फाउंड्री’ २०२० साली आले. त्याची किंमत एकदाच भरावयाची, सुमारे ५० डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर. आणि ती एकट्या सूत्रधाराने भरली की बाकीच्यांना काही द्यावे लागत नाही. ‘मॅपटूल’ मुक्त आणि फुकट आहे, पण ते संगणकावर बसवावे लागते. ‘आउलबेअर रोडिओ’ या साध्याशा साधनात नकाशा आणि सोंगट्या यांपलीकडे फारसे काही नाही. पण खेळगड्याने खाते न उघडता नुसत्या दुव्यावरून आत यावे, अशी त्याची रचना आहे. यांतील उत्तम कोणते, असे विचारले की जाणकार गुणांची यादी वाचू लागतात. कोणात प्रकाश आणि सावल्या आपोआप पडतात, कोणात बेरजा-वजाबाक्या यंत्रच करते, कोणात संगीत वाजते. प्रस्तुत लेखकानेही दोन वर्षांपूर्वी अशीच यादी केली होती. ती चुकीची होती असे नव्हे. प्रश्नच चुकीचा होता.

आम्ही पाच जण. शाळेपासूनचे. आमच्या खेळातले कथानक आमच्याच मुलखातले आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला निघालेला एक तांडा, वाटेतले नाके, दबा धरून बसलेले लुटारू, आणि भामेरच्या किल्ल्यावरील कोरीव गुहांत दडविलेली एक वस्तू, जी नक्की काय आहे हे सूत्रधार या नात्याने मला ठाऊक आहे आणि येथे सांगता येत नाही. पुण्याच्या मित्राच्या आग्रहावरून आम्ही सर्वांत संपन्न साधन निवडले. किंमत त्यानेच भरली. भामेरच्या गुहेत मशालीचा उजेड जेवढा पोहोचेल तेवढाच भाग पडद्यावर दिसे, बाकी काळोख. तो प्रकार खरोखर सुंदर होता, हे मान्य केले पाहिजे.

पाचवा मित्र पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या गावात शेती करतो. त्याच्याजवळ संगणक नाही, एक जुना फोन आहे. मोठ्या पडद्यासाठी घडविलेले ते साधन त्याच्या फोनवर उघडे, अर्धवट दिसे आणि गोठे. पहिल्या महिन्यात तो तक्रार करीत असे. दुसऱ्यात त्याने ती सोडली. एका शनिवारी सरळ म्हणाला, “तुम्ही खेया रे भो, मी आयकस.” आम्ही खेळत राहिलो. त्याच्या पात्राची सोंगटी कोणीतरी दुसरा सरकवीत असे. पुढे तो ऐकायलाही येईनासा झाला, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हे आमच्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. तांड्याचा वाटाड्या तोच होता.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. ते कोणासाठी केले आहे हे त्याच्या कर्त्यांनी लपविलेले नव्हते. दोष निवडणाऱ्यांचा. आपण साधन निवडताना आपल्यातील सर्वांत सुस्थित माणसाच्या टेबलावर बसून निवड करतो. वस्तुतः ती सर्वांत जुन्या फोनवर, सर्वांत क्षीण सिग्नलमध्ये, वीज गेलेली असताना करून पाहावयास हवी. शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग भरले तेव्हा यादीतले कोणते नाव आधी गळाले, हे त्यांनी पाहिलेले आहे.

आणखी एक तांत्रिक अडचण येथे नोंदली पाहिजे, कारण जाहिरातीत ती आढळत नाही. ‘फाउंड्री’सारखे साधन सूत्रधाराच्या स्वतःच्या संगणकावरून चालविता येते, आपली कथा आपल्याच घरी राहते, ही त्याची मोठीच थोरवी. तथापि मोबाइल कंपन्यांच्या इंटरनेटवर बहुधा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरच्या मित्राला आपल्या संगणकापर्यंत थेट पोहोचण्याची वाटच नसते. मग भाड्याच्या सर्व्हरची सोय करावी लागते, आणि ‘एकदाच खर्च’ हा हिशेब तेथे कोसळतो.

परस्वाधीन साधनांची भीती निराळी. ‘रोल ट्वेंटी’तून सुमारे ४० लाख खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे २०१९ साली उघड झाले. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे मालक असलेल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने जुना मुक्त परवाना बदलण्याचा घाट घातला. त्या मसुद्यात आभासी पटांविषयी एक मजेदार कलम होते: टेबलावर जे घडते त्याची नक्कल पटावर करावी, पण मंत्राने सोडलेला बाण पडद्यावर उडताना दाखवू नये, ते टेबल नव्हे, व्हिडिओ गेम झाला! खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की महिना संपण्यापूर्वी कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि मूळ नियमांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करावा लागला. त्याच कंपनीने २०२५ च्या आरंभी ‘सिजिल’ नावाचा भव्य त्रिमितीय पट आणला आणि काही आठवड्यांतच तो घडविणाऱ्या बहुतेक मंडळींच्या हाती नारळ दिला. ज्यांनी आपली मोहीम अशा पटावर मांडायची ठरविली असेल, त्यांनी काय करावे?

असो. त्या माघारीतून निघालेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. श्रेयनिर्देश करून त्या खुल्या नियमांचे भाषांतर कोणीही, कोणत्याही भाषेत, परवानगी न मागता करू शकतो. युरोपातील काही भाषांत ते कंपनीनेच करून दिले. मराठीत करण्यास आडकाठी काहीच नाही. आमच्या टेबलावर नियम इंग्रजीत, कथन मराठीत आणि भांडण अहिराणीत, अशी त्रिस्थळी यात्रा चालते. ‘सेव्हिंग थ्रो’ला मराठी शब्द काय द्यावा, यावर एक सबंध रात्र गेली आहे आणि शब्द अजून सापडलेला नाही. एखाद्या भाषाशिक्षकाने आठवी-नववीच्या मुलांना घेऊन या भाषांतराचे दहा पानांचे काम केले, तर पारिभाषिक शब्द कसे जन्मतात हे त्यांना परिशिष्टे पाठ न करता कळेल.

गेल्या महिन्यात आम्ही पट बदलला. आता नकाशा म्हणजे मी वहीत काढलेल्या चित्राचा फोनने घेतलेला फोटो; तो साध्या दुव्यावर उघडतो. बोलणे नेहमीच्या फोनवरील सामूहिक कॉलवर. फासे प्रत्येकाने आपल्या घरी टाकावेत आणि खरा आकडा सांगावा. पुण्याचा मित्र यावर नाराज आहे. यंत्राने केलेल्या बेरजेत भांडणाला जागा नसते, हा त्याचा मुद्दा खोटा नाही. माझ्या बेरजा दोनदा चुकल्या, आणि तांड्यातला एक बैल त्यापायी प्राणास मुकला. सुरतेचा मित्र सलग चार वेळा वीस पडल्याचे सांगतो तेव्हा बाकीचे गप्प बसतात, पण कोणत्या प्रकारचे गप्प, ते कॉलवरही ऐकू येते. दिवाळीपर्यंत असेच खेळून पाहावयाचे, मग पुन्हा मत घ्यावयाचे, असे ठरले आहे.

डोंगराकडचा मित्र मागच्या शनिवारी आला. कांद्याला पाणी देऊन यायला साडेदहा झाले होते. तांडा भामेरच्या पायथ्याशी तीन आठवडे वाटाड्याविना थांबला होता. त्याने आधी विचारले, की बैल कोणी मारला.