सही झाका, मग बोला

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी सकाळी एका जुन्या टीममेटचा फोन आला. "अरे, आजोबांची तलवार चकाचक करून आणलीय. सहीपण दिसायला लागलीय. ये ना, वाचून दे!" त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. १९४५ साली जपानी फौजा शरण आल्या तेव्हा अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या. त्यातली एक आजोबांबरोबर पुण्याला आली आणि पुढची ऐंशीएक वर्षं गोधडीत गुंडाळून माळ्यावर पडून राहिली.

गेलो. टीपॉयवर वर्तमानपत्र, त्यावर तलवार. लग्नात आलेल्या नव्या स्टीलच्या ताटासारखी लखलखत होती. एका वर्कशॉपमध्ये बफिंग व्हीलवर धरून घेतली होती म्हणे. आणि मुठीच्या आत लपणारा पात्याचा भाग सँडपेपरने घासघासून पांढराफटक केलेला. का? तर सही नीट वाचता यावी म्हणून!

पुढे आलेला चहा मला काही गोड लागला नाही.

आता कबुलीजबाब. त्याला सहीचं वेड मीच लावलं होतं. काही वर्षांपूर्वी मी तोक्योला ऑनसाइट होतो, परत आल्यावर कॅन्टीनमध्ये फुशारक्या मारायचो. "जपानी तलवारीवर कारागिराची सही असते, माहितीये?" वगैरे. अर्धवट ज्ञान वाटलं आणि त्याची किंमत आजोबांच्या तलवारीने मोजली. म्हणून उरलेलं अर्धं आज सांगतो.

तोक्योला क्लायंटकडचे एक वयस्क गृहस्थ होते, तलवारींचे नादी. एका शनिवारी ते मला तलवारी ओळखण्याच्या बैठकीला घेऊन गेले. एका रांगेत पाच तलवारी मांडलेल्या, आणि पाचही तलवारींच्या सह्या झाकलेल्या! मुठीच्या आतल्या भागाला (त्याला नाकागो म्हणतात) घट्ट आवरण घातलेलं. एकेक पातं हातात घ्यायचं, बघायचं आणि चिठ्ठीवर कारागिराचं नाव लिहून द्यायचं. मला एकही धड ओळखता आली नाही, तो भाग वेगळा. पण ज्यांचं अख्खं आयुष्य या विषयात गेलंय ती माणसं शिकताना सही आधी झाकतात, आणि आपण तलवार हातात आली की आधी सही शोधतो. माझं सगळं भांडण इथेच आहे.

सही हा तलवारीवरचा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा आहे. पोलाद घडवायला महिने लागतात, सही ठोकायला अर्धा तासही पुरतो. त्यामुळे मोठ्या नावांच्या खोट्या सह्या शतकानुशतकं होत आल्या. त्यासाठी 'गिमेई' असा खास शब्दच आहे. मासामुने हे यातलं सर्वांत मोठं नाव. त्याची खात्रीची सही असलेली कामं अत्यंत दुर्मिळ आहेत. त्याची मानली जाणारी बहुतेक पाती बिनसहीची आहेत. म्हणजे पात्यावर ठळक 'मासामुने' दिसलं की आनंद व्हायच्या ऐवजी शंका यायला हवी. एदो काळातल्या कोतेत्सूचंही तेच. शिन्सेनगुमीचा प्रमुख कोंदो इसामी आपल्या कोतेत्सूचा अभिमान बाळगायचा. ती कोतेत्सू खोटी होती अशी आख्यायिका आहे. खरं असेल तर गंमतच आहे. सही खोटी, पण लढाईत पोलादाने दगा दिला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या लांब 'ताची' पुढच्या काळात वापराच्या सोयीसाठी आखूड केल्या गेल्या. टोकाकडून नव्हे, मुठीकडून. त्यात कित्येक उत्तम कारागिरांच्या सह्या कापल्या गेल्या. म्हणजे सही असली तर खोटी असू शकते, आणि नसली तर तलवार अस्सल असू शकते. आपल्या भाषेत सांगायचं तर सही म्हणजे फाइलच्या वर लिहिलेली कॉमेंट. कॉमेंट वाचून कोड पास करणाऱ्या रिव्ह्यूअरला आपण काय म्हणतो? तेच इथे म्हणा.

मग बघायचं काय? आधी आकार. लांबी किती, बाक कुठून सुरू होतो, टोक केवढं. काळाप्रमाणे हे बदलत गेलं, त्यामुळे युगाचा अंदाज इथेच लागतो. मग धारेलगतची ती धूसर पांढरी रेघ, हामोन. पात्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. या दोन पोलादांची सीमा म्हणजे हामोन. खोलीत एकच दिवा ठेवून पातं त्याच्याकडे तिरकं धरलं की खऱ्या हामोनमध्ये बारीक चमकते कण किंवा धुक्यासारखा पट्टा दिसतो. ॲसिडने काढलेला खोटा हामोन निर्जीव असतो, भिंतीवरच्या चुन्याच्या पट्ट्यासारखा. मग पोलादाच्या घड्यांचा पोत, आणि हामोन टोकात शिरून कसा वळतो ते. सही शेवटी. वर जे वाचलं त्याच्याशी ती जुळते का, एवढंच तिला विचारायचं.

आता गंजाकडे येतो. नाकागोवरचा गंज ही घाण नाही, ती लॉग फाइल आहे. जुन्या नाकागोवर गंजाचा गडद, काळसर तपकिरी, शांत थर बसलेला असतो. ताजा गंज नारिंगी आणि भुसभुशीत. सहीच्या चरांतला गंज आजूबाजूच्या गंजाशी एकजीव आहे का? कानशीच्या खुणा कुठल्या तऱ्हेच्या आहेत? खुंटीचं भोक एक आहे की तीन? तीन असतील तर बहुधा तलवार आखूड झाली असेल किंवा मूठ बदलली असेल. हे सगळं त्या थरात लिहिलेलं असतं. रसायनं लावून हा थर नकली बनवायचे प्रयत्नही होतात, पण नकली ओळखायलासुद्धा थर जागेवर असावा लागतो ना!

माझ्या मित्राने सही वाचता यावी म्हणून नेमका तोच पुरावा घासून टाकला, ज्यावरून ती सही खरी की खोटी हे ठरलं असतं. अक्षरं आता स्वच्छ वाचता येतात. फक्त त्यांचा साक्षीदार गेला.

आणि पातं? लष्करी म्यान-मुठीतली बरीच पाती युद्धकाळात घाऊक बनलेली असतात, पण काही अधिकाऱ्यांनी घरातली जुनी पाती त्या साजात बसवून घेतली होती. याची तलवार कुठली? आता सांगणं फार अवघड. बफिंगने कडा गोलावल्या, पोत पुसला गेला, आणि व्हीलच्या उष्णतेने कडक धारेचं पाणीही उतरू शकतं. धारेचं कडक पोलाद मोजकंच असतं. दर पॉलिशला थोडं जातं, आणि अति झालं की पातं 'थकलं' असं म्हणतात. म्हणून जपानात हे काम वर्षानुवर्षं उमेदवारी केलेले पॉलिशवाले करतात, एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर, हाताने. पातं खर्चाच्या लायकीचं आहे की नाही अशी शंका असेल तर ते आधी छोटीशी 'खिडकी' उघडून बघतात. म्हणजे बोटभर जागा पॉलिश करायची, आत काय दिसतं ते बघायचं, मग पुढचं ठरवायचं.

चकचकीतपणा आणि सुस्थिती यांचा काही संबंध नाही. गंजलेलं पातं आतून निरोगी असू शकतं. आणि आरशासारख्या पात्यात धारेला काटकोनात एक केसाएवढी चीर, हागिरे, असू शकते. तिला इलाज नाही. तेवढ्या एका चिरेने तलवार तलवार म्हणून संपते.

"पण सर्टिफिकेट असतं ना?" असतं. होन्आमी घराणं पिढ्यानपिढ्या तलवारी पारखायचं. घडी घातलेल्या कागदावर निकाल द्यायचं, त्याला ओरिगामी म्हणत. आजही जपानीत 'ओरिगामी-त्सुकी' म्हणजे खात्रीचं. पण त्याच घराण्याच्या उत्तरकाळातल्या कागदांवर जाणकार तितका भरवसा ठेवत नाहीत. आज १९४८ साली स्थापन झालेल्या एनबीटीएचके या संस्थेचे कागद सर्वाधिक मानले जातात. सामान्य खरेदीदाराने ते जरूर मागावेत, दहा वर्षं पोलाद शिकायला कुणाला वेळ आहे? पण तो कागद म्हणजे तज्ज्ञांचं त्या दिवशीचं मत. नंतर कुणी बफिंग केलं तर कागदाला ते कळत नाही. आणि जपानातल्या तलवारीबरोबर येणारं शिक्षण मंडळाचं नोंदणीपत्र तर मुळी अस्सलपणाचा दाखलाच नाही. लांबी, बाक, भोकं आणि सही 'अशी दिसते' एवढीच नोंद त्यात असते. विकणारे मात्र ते सरकारी शिक्क्यासारखं नाचवतात!

तेव्हा मंडळी, कुणाच्या घरी माळ्यावर अशी तलवार असेल तर कृपा करून काहीही करू नका. पात्याला बोट लावू नका, घामाने डाग पडतात. लिंबू, चिंच, पितांबरी, सँडपेपर, सगळं लांब ठेवा. पात्यावर पातळ खनिज तेलाचा अगदी हलका हात, नाकागोला तोही नाही. मग फोटो काढा, पूर्ण पात्याचे आणि नाकागोच्या दोन्ही बाजूंचे, आणि जाणकाराला दाखवा. घाई कसली? ती कित्येक वर्षं थांबलीय, अजून दोन महिने थांबेल.

निघताना मित्राने विचारलं, "मग नाव कुणाचं आहे ते तरी सांग." मला कांजी बरी येते, मी वाचून दाखवलं. तो खूष झाला. खरी आहे का, असं त्याने विचारलंच नाही. विचारलं असतं तरी आता उत्तर देता आलं नसतं.