गोरोबाकाकांच्या यात्रेला जाल तेव्हा...

मैत्रिणींनो, चैत्र लागला की आमच्या बेंबळीत तेरच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. चैत्र वद्य त्रयोदशी ही गोरोबाकाकांच्या समाधीची तिथी. पहाटे उठून धपाटे थापायचे, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरायची, धाराशिवला एस.टी. बदलायची, दर्शन घ्यायचं, लेकरांना पाळण्यात बसवायचं नि दिवस मावळायच्या आत घरी! त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, हे ठाऊक असून लग्नानंतर बारा वर्षं मी त्याची पायरी चढले नव्हते. शाळेत इतिहास शिकवते, हे सांगायचीसुद्धा लाज वाटते.

मागच्या खेपेला धाकट्याने हट्ट धरला म्हणून गेलो. सासूबाई बाहेरच बसू लागल्या. "ते शिकलेल्यांचं. मला काय कळतंय त्यातलं?" मी हात धरून आत नेलं. शंखाच्या बांगड्यांपाशी त्या थबकल्या त्या हलेचनात. मग मणी पाहिले, मातीच्या बाहुल्या पाहिल्या. एवढ्याशा मण्याला भोक कसं पाडलं असेल, दोरा कशाचा असेल, असं त्याच आम्हाला विचारू लागल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली येतीय, कुणी आत चल म्हणलं न्हाई." ह्यांनी मान खाली घातली. मीही.

हे लामतुरे तेरचेच. पावसाने शेतातली, पांढरीतली माती वाहून गेली की जुने मणी, नाणी, खापरं उघडी पडत. ती त्यांनी आयुष्यभर वेचली, जपली. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात हे शहर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलंय. इथलं साधं नि तलम कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई आणि तिथून जहाजांनी परदेशी. संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, ती चुकवू नका. तशाच धाटणीची एक मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली. ते शहर सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. आपल्या तेरणेकाठची कारागिरी कुठवर ठाऊक होती पाहा!

आता पुढच्या तारखा कालनिर्णयावर खुणा करून ठेवा. 18 एप्रिल जागतिक वारसा दिन. तो यात्रेच्या आसपासच येतो. 18 मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, 1977 पासून जगभर पाळतात. तेव्हा शाळांना सुटी असते, नणंदा माहेरी आलेल्या असतात. नोव्हेंबरात 19 ते 25 वारसा सप्ताह. या दिवसांत ठिकठिकाणी खास प्रदर्शनं, व्याख्यानं होतात. सुटीत पुण्याला जाणार असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. तिथले अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी पाहून वाटतं, मोडीत घातलेली आपली पितळी भांडी अजून असती तर!

खास प्रदर्शनं मात्र मुदतीची असतात. जुलै 2024 मध्ये लंडनहून आणलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती. जाऊ जाऊ म्हणता आमचं राहूनच गेलं. दिवाळी झाली, परीक्षा आल्या, मग ती पुढे दुसऱ्या शहरात गेली. तेव्हा आधी फोनवर चौकशी करा. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवा. एस.टी.ने एवढं जाऊन कुलूप पाहायला नको.

यंदा सासूबाईंनी शेजारच्या दोघींना आधीच सांगून ठेवलंय, "दर्शन झालं की माझ्यासंगं चला, बांगड्या दाखवते." धपाट्यांचं पीठ जास्त मळावं लागणार.