गाळण्यातून निसटणारे जीव

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. अशा पुरानंतर डॉक्टरांना मोठी काळजी असते ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर व गुरे यांच्या मूत्रावाटे पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणू त्वचेवरील लहानशा जखमेतून, डोळ्यांच्या वा तोंडाच्या ओलसर आवरणातून शरीरात शिरतो आणि यकृत, मूत्रपिंडे यांना इजा करू शकतो.

पाणी गाळूनच घ्यावे, हा संस्कार जैन घरांत बालपणीच रुजतो. गाळण्यात नेमके काय अडकते, हे मात्र मापाने पाहण्याजोगे आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. नुसत्या डोळ्यांची मजल साधारण शंभर मायक्रोमीटरपर्यंत. जुन्या सुती साडीचे कापड चार वेळा दुमडले, की त्याची छिद्रे सुमारे २० मायक्रोमीटरची होतात. बांगलादेशातील खेड्यांत अशा कापडाने पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, असे शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पटकीचा एकटा जिवाणू या छिद्रांतून सहज निसटेल. परंतु तो पाण्यातील चिमुकल्या कवचधारी जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव कापडात अडकतात. जुन्या सवयीच्या बाजूने मिळालेला हा पुरावा थोडाथोडका नाही.

लेप्टोस्पायराला असे वाहन लागत नाही. त्याचे सारे शरीर म्हणजे केंद्रक नसलेली एकच पेशी, मळसूत्रासारखी पिळलेली. लांबी ६ ते २० मायक्रोमीटर, जाडी अवघी ०.१. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते, म्हणजे त्याच्या जाडीच्या सत्तरपट. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा ०.२ मायक्रोमीटरची, त्याखाली हा धागा नीट उमटत नाही. डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकात प्रकाश तिरपा सोडतात, तेव्हा कवडशातील धूलिकणासारखा तो काळ्या पार्श्वभूमीवर लकाकतो. तरीही निदान बहुधा रक्तचाचणीनेच होते.

येथे कापड हरते. उकळलेल्या पाण्यात हा जिवाणू टिकत नाही, ही उकळून पिण्याच्या रीतीची जमेची बाजू; पण चिखलातून जखमेत शिरण्याची त्याची वाट त्याने बंद होत नाही. तेथे गमबूट, हातमोजे आणि झाकलेली जखमच कामी येते. पुराच्या पाण्यात वावरल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांत लक्षणे दिसतात. ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण पुराच्या पाण्यातून चाललो होतो, हे न विचारता सांगावे.