पडद्यावरची चक्कर

एखादे संकेतस्थळ उघडून बोट वर सरकवावे, तर चित्रे बाजूने तरंगत येतात, पार्श्वभूमी वेगळ्याच गतीने मागे पडते, एखादी चौकट फुगून अंगावर येते. बहुतेकांना त्याचे काही वाटत नाही. पण ज्यांना व्हर्टिगो किंवा अर्धशिशीचा त्रास आहे, त्यांच्यापैकी अनेकांना एवढ्यानेही गरगरते, मळमळते. तोल सांभाळताना मेंदू डोळे आणि आतला कान, दोघांचीही साक्ष काढतो. इथे डोळे सांगतात की आपण हललो. कान सांगतो, जागचे हललोच नाही. धावत्या गाडीत पुस्तक वाचताना पोटात ढवळते, त्याचाच हा उलटा प्रकार.

हे नवे नाही. २०१३ मध्ये 'आयओएस ७' आल्यावर आयफोनधारकांनी अशाच तक्रारी केल्या आणि ॲपलला 'रिड्यूस मोशन' या सोयीची व्याप्ती वाढवावी लागली. २०१७ पासून ब्राउझर वापरकर्त्याची ही निवड संकेतस्थळालाही कळवू लागले. मग अडते कुठे?

अडते ते तयार साधनांत. असे ॲनिमेशन प्रोग्रामर दरवेळी मुळापासून लिहीत नाहीत. त्यासाठी मुक्तस्रोत लायब्ररी असतात. 'मोशन' (पूर्वीची 'फ्रेमर मोशन') ही त्यातली एक लोकप्रिय. तिच्यात हालचाल कमी करण्याची उत्तम सोय आहे: 'युजर' हा पर्याय निवडला, तर ज्याने फोनवर तशी निवड केली आहे त्याच्यासाठी सरकणे-फुगणे थांबते, रंग आणि पारदर्शकतेचे बदल मात्र राहतात. म्हणजे पानही निर्जीव होत नाही. पण प्रोग्रामरने काहीच निवडले नाही, तर लायब्ररी जो पर्याय धरून चालते तो आहे 'नेव्हर'. कधीच नाही!

माझ्या मते हे उलटे हवे. जुन्या संकेतस्थळांची रचना अचानक बदलेल, हा आक्षेप रास्त आहे. पण बदलेल ती फक्त ज्यांनी स्वतःहून तसे मागितले त्यांच्यापुरती. शिवाय लायब्ररी मुक्तस्रोत आहे, बदल कोणीही सुचवू शकतो. आणि तोवर प्रोग्रामरला 'युजर' लिहायला एक ओळ पुरते.

तुम्हाला त्रास होत असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी विभागात आयफोनवर 'रिड्यूस मोशन', अँड्रॉइडवर 'रिमूव्ह ॲनिमेशन्स' चालू करा. तरीही एखादे पान गरगरवत राहिले, तर ते बनवणाऱ्यांना जरूर कळवा. बऱ्याचदा त्यांना याची कल्पनाच नसते.