जातमुचलका म्हणजे देखरेख नव्हे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते. दगड सुटणार हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून पोलीस व डॉक्टर आधीच तेथे उभे असतात. पण दाराआड पत्नीवर उगारलेला हातही पुन्हा उठण्याचा संभव असतो, हे ठाऊक असून तेथे बंदोबस्त कोण ठेवतो?

पत्नीचा छळ हा 1983 पासून दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे. 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 85 नुसार त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तथापि 1958 च्या परिवीक्षा कायद्यान्वये न्यायालय दोषी इसमास चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडू शकते व किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. या तरतुदीस आमचा विरोध नाही. कमावता पुरुष तुरुंगात गेला की मुलांची चूल विझते, आणि माणूस सुधारू शकतो यावर आमचाही विश्वास आहे. परंतु सुटका ही बक्षिसी नव्हे, ती कसोटी आहे; आणि कसोटी पाहणारा कोणी नसेल तर ती कसोटीच नव्हे.

पहिला प्रश्न पारखण्याचा. अधिकाऱ्याचा अहवाल ‘असल्यास’ विचारात घ्यावा, असे कायदा म्हणतो. असा अहवाल मागविलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात सांगितले. मात्र सरपंचाने दिलेला ‘इसम सज्जन आहे’ हा दाखला म्हणजे अहवाल नव्हे. पूर्वी किती वेळा मारले, गळा दाबला काय, जिवे मारण्याची धमकी दिली काय, दारूचे प्रमाण किती, हे पत्नीस एकटीस विचारले पाहिजे. सासूदिरांच्या देखत नव्हे. आणि विचारावयाचे ते तिच्या भाषेत. सौंसरच्या खेड्यातील बाई आपले दुःख मराठीत सांगते, कागद मात्र हिंदीत तयार होतो. वाटेत एक शब्द बदलला तर धोक्याचे मापही बदलते.

दुसरा प्रश्न देखरेखीचा. मुचलका दप्तरी लागला की पहारा बहुधा पत्नीच्याच माथी येतो. अमेरिकेतील डुलुथ शहराने 1981 पासून पोलीस, न्यायालय व समुपदेशक यांना एका साखळीत बांधले. वर्ग चुकविणाऱ्याची खबर न्यायालयास पोहोचू लागली. आपल्याकडेही 2006 च्या नियमांनुसार समुपदेशनात पतीस मारहाणीचे समर्थन करता येत नाही. गावच्या समेटात मात्र ‘तिचेही काही चुकले असेल’ या वाक्यानेच बैठक सुरू होते!

2023 साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून नवा जिल्हा झाला. जिल्हा कचेरी जवळ आली. आता कायदाही जवळ यावा. परिवीक्षा अधिकारी व संरक्षण अधिकारी यांची नावे आणि भेटीचे वार दोन्ही न्यायालयांच्या फलकांवर मराठीतही लावावेत. अधिकाऱ्याने दरमहा पत्नीची स्वतंत्र भेट घ्यावी आणि अट मोडताच न्यायालयास कळवावे. मूळ गुन्ह्याची शिक्षा तेव्हाही देता येते.

विश्वास न्यायालयाने टाकावयाचा आणि त्याची किंमत मार खाणाऱ्या स्त्रीने मोजावयाची, हा न्याय आम्हांस मान्य नाही.